हिरवा स्टिकर

माझं काम तसं सोपं: दारावर रंग चिकटवायचा.
लाल म्हणजे आत पाऊल नको.
पिवळा म्हणजे दिवसाउजेडी या, वस्तू घ्या, निघा.
हिरवा म्हणजे राहा.
खिशात ओल मोजायचं यंत्र असतं,
लाकडाला टोचलं की आकडा सांगतं.
सोळाच्या खाली आला तर घर कोरडं.
माणसांसाठी असलं काही काउंटी देत नाही.

ऑर्विल बर्लसनच्या दाराला मी फेब्रुवारीत हिरवा लावला.
कमरेला दोर बांधून ओढा ओलांडला होता,
बुटांत नॉर्थ कॅरोलायनाचा अर्धा डोंगर.
घर ठणठणीत. पाया सरळ, छप्पर शाबूत,
ओट्यावर सप्टेंबरातला कॉफीचा मग,
तळाशी काळी खपली.
फक्त पूल नव्हता.

पूल खाजगी. त्याच्या बापानं
रेल्वेच्या जुन्या तुळयांवर टाकलेला.
रस्ता राज्याचा, घर ऑर्विलचं, ओढा कुणाचाच नाही,
आणि माझ्या फॉर्मवर पुलाला रकाना नाही.

"म्हणजे मी घरी जाऊ शकतो?" त्यानं फोनवर विचारलं.
"कागदावर, हो," मी म्हणाले,
आणि माझीच मला लाज वाटली.

तो रोज येतो.
जॉन्सन सिटीच्या मोटेलपासून सव्वा तास,
ट्रकमधून घडीची खुर्ची काढतो,
अलीकडच्या काठावर बसतो, गळ्यात दुर्बीण.
वीज मात्र डोंगरावरून आली, तिला पूल लागत नाही.
सातला पोर्चचा दिवा टायमरवर लागतो,
मग तो उठतो, खुर्ची मिटतो, जातो.
बिल मोटेलच्या पत्त्यावर येतं. तो भरतो.

व्हर्लीन, त्याची बायको, येत नाही.
खोली एकशे चौदा, नाश्त्याला वॉफलचं यंत्र.
मला बाजूला घेऊन म्हणाली,
"त्याला सांगू नकोस, पण मला इथं बरंय.
पाण्याचा आवाज नाही.
तरी शेजारी कुणी शॉवर सोडला
की मी पलंगावर बूट घालून बसते."

इर्माचं नाव माझ्या यादीतच नाही.
तिचा ट्रेलर भाड्याच्या जागेवर होता.
आता तिथं चार सिमेंटचे ठोकळे
आणि पोरानं ठोकलेली, वाकलेली बास्केटबॉलची रिंग.
जागेच्या मालकाला तिथं पर्यटकांचे तंबू हवेत.
इर्मा विचारते, मला कोणता रंग?
काय सांगू तिला,
लाल चिकटवायलासुद्धा दार लागतं.

काल रात्री कांदा परतता परतता सुचलं,
आमच्या भाषेत दोन्हीला शब्द एकच.
परतणं म्हणजे माघारी येणं,
आणि परतणं म्हणजे आचेवर खालीवर करत राहणं,
करपू न देता.
आई म्हणायची, घाई केलीस
तर वरून लाल दिसेल, आत कच्चाच राहील.

विहिरीचं पाणी दोनदा नापास.
शाळा उघडली, पहिलीत तीन मुलं.
विमावाल्याचं पत्र आलं: हा पूर, वादळ नव्हे.
सोमवारी साहेबांना एक आकडा लागतो,
"परतलेली कुटुंबं."
मी "बर्लसन" लिहिलं, खोडलं,
पुन्हा लिहिलं, पेन्सिलीनं.

आज संध्याकाळी ओढ्यावर गेले,
काम काही नव्हतं.
ऑर्विलनं दुर्बीण माझ्या हातात दिली.
"बघ पोरी, तुझा हिरवा उन्हानं पिवळा पडलाय."
मी नीट पाहिलं.
खरंच पडला होता.

सातला अजून दहा मिनिटं होती.
ट्रकमधून त्यानं दुसरी खुर्ची काढली.